नाकापेक्षा बर्ल जड

निरोगी झाडाला गिटारवाल्यांच्या जगात काडीचा मान नाही. सरळ वाढलेलं, सरळ रेषांचं, रंध्याखाली निमूट सोलून निघणारं लाकूड आम्ही बॉडीच्या गाभ्यात दडवतो आणि वर मिरवायला घेतो ती झाडाची व्याधी. खोडाला किंवा मुळाला इजा झाली, कीड-बुरशी लागली, की तिथे गाठ धरते. आत कळ्यांची दाटी होते, त्या धड फुटत नाहीत, आणि रेषा वाट फुटेल तिकडे धावतात. हा बर्ल. कापल्यावर याच कळ्या डोळ्यांसारख्या दिसतात. डोळे लाकडाला असतात. किंमत ऐकून पांढरे होतात ते आपले.

नावं सगळ्यांना पाठ असतात. कॅलिफोर्नियातला निळसर-करडा बकआय, मोरोक्कोचा थुया, आग्नेय आशियातला अंबोयना, ऑस्ट्रेलियातला रेड मॅली, शिवाय मेपल आणि क्लारो अक्रोड. बकआयचा बर्ल जमिनीखाली, मुळाशी वाढतो. वाढताना वाटेत आलेले खडे तो पोटात घेतो, आणि ते आत आहेत हे सर्वात आधी करवतीच्या नव्या पात्याला कळतं. बॉक्स एल्डरच्या लाल छटांवर भाळणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की तो लाल रंग उजेडात काही काळाने तपकिरी होतो.

खरी परीक्षा फोटोपासून सुरू होते. विकणारा फळी ओली करून फोटो काढतो. यात फसवणूक नाही. लॅकर चढल्यावर रंग साधारण तसाच खुलतो. पण ओल्या फळीवर बारीक भेगा लपतात. म्हणून कोरड्या फळीचा फोटो मागावा, दोन्ही बाजूंचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. फळी हातात आली की पाणी लावू नये, कारण बर्ल पाणी पितो आणि रुसून वाकडा होतो. स्पिरिटचा बोळा फिरवावा आणि मग काहीही न करता नुसतं बघत बसावं. पृष्ठभाग सुकत जातो, रंग फिका पडतो, आणि शेवटी काही केसाएवढ्या काळ्या रेघा ओल्याच राहतात. त्या भेगा. पंधरा-वीस सेकंदांचा हा खेळ दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

आता मापं. बॉडीवर चिकटवायचा लाकडाचा पत्रा ६ मिमीचा पुरतो. बेस गिटारसाठी प्रत्येक अर्धा भाग १८० बाय ५६० मिमी, गिटारसाठी १८० बाय ४६० धरावा. ठोकळा मधून चिरून पुस्तकासारखा उघडायचा, म्हणजे बुकमॅच. ८ मिमीचे दोन काप आणि करवतीत जाणारा दीड मिमी मिळून साडेसतरा होतात. २० मिमीपेक्षा पातळ ठोकळा असेल तर हात लावू नये. घासण्यात दोन्ही तोंडांचा एकेक मिमी जातो, म्हणजे समोरासमोर येणाऱ्या नक्षींमध्ये साडेतीन मिमीचं अंतर पडतं. सरळ रेषांच्या लाकडात एवढ्याने फरक पडत नाही. बर्लमध्ये तेवढ्यात एखादा डोळा अख्खाच्या अख्खा गायब होतो.

आंधळा मागतो एक डोळा, बुकमॅच देतं दोन. मग व्हायचं तेच होतं: मधोमध चेहरा उमटतो. फळी चिरण्याआधी तो पाहायचा असेल तर फ्रेम नसलेला आरसा जोडाच्या रेघेवर उभा धरावा. फळीचा अर्धा आणि त्याचं प्रतिबिंब मिळून पुढची गिटार दिसते. आरसा एक सेंटिमीटर सरकवला की घुबडाचा बेडूक होतो, आणखी थोडा सरकवला की कवटी. हे तीनदा करावं: फळी उभी धरून, आडवी धरून आणि उलटी करून. गिटार भिंतीवर उभी टांगतात, श्रोत्यांना ती आडवी दिसते, आणि वाजवणारा तिच्याकडे वरून बघतो. तिघांपैकी एकालाही त्यात आपले सासरे दिसले तर विषय संपला. एकदा दिसलेला चेहरा पॉलिशने जात नाही. वर साडेतीन मिमीच्या कृपेने घुबडाचा एक डोळा उघडा आणि दुसरा मिटलेला असतो, म्हणजे ते जन्मभर डोळा मारत राहणार.

एवढं करून निवडलेली नक्षी भोकात जाते. नेकची, म्हणजे दांड्याची खाच, तारांचा आवाज उचलणारे दोन पिकअप आणि तारा टेकवायचा ब्रिज, सगळं बॉडीच्या मधल्या रेघेवर, जिथे बुकमॅच सर्वात देखणं असतं. एक हंबकर, म्हणजे दुहेरी गुंडाळीचा पिकअपच, ७० बाय ३८ मिमी खातो. म्हणून पारदर्शक ॲक्रिलिकचा साचा करावा, त्यावर सगळ्या खाचा आणि नॉब काळ्या शाईने भरून टाकावेत, आणि तो ठेवूनच फळी बघावी. काळ्याच्या बाहेर उरेल तेवढंच आपलं. मी तर मधली जागा मोजतच नाही. खालच्या पसरट भागात आणि वरच्या शिंगात, म्हणजे बॉडीच्या वरच्या टोकदार कोपऱ्यात, डोळे असले की फळी पास.

बेसवाल्यांनी वजन आधी बघावं. बेसच्या बॉडीवर ६ मिमीचा पत्रा म्हणजे साधारण पाऊण लिटर लाकूड. रेड मॅली पाण्याइतका किंवा त्याहून जड, म्हणजे नुसता पत्राच पाऊण किलो. बकआय त्याच्या निम्म्यात भागतो. पण मऊ बकआय घट्ट व्हावा म्हणून त्यात राळ मुरवलेली असली तर ती बचतही गेली. नाकापेक्षा मोती जड, आणि नाक खांद्याला टांगलेलं.

मेण लावलेल्या ठोकळ्यावर विश्वास ठेवू नये. मेणाखाली ओल तशीच असते आणि टोचायचा मीटर वरवरचं सांगतो. काट्यावर वजन करून तारखेसकट फळीवरच लिहावं, दर आठवड्याला पुन्हा करावं, आकडा हलायचा थांबला की मगच ओल ६ ते ८ टक्के आहे का बघावं. चिरलेले काप मध्ये पट्ट्या देऊन वजनाखाली दाबून ठेवावेत. मोकळे सोडले तर सकाळपर्यंत त्यांची पन्हाळी झालेली असते. चिकटवायला पाण्याचा सरस नको, इपॉक्सी. रंधा तर नकोच: बर्लचे डोळे तो मुळासकट उपटतो. ड्रम सँडर (फिरत्या रुळावर घासकागद लावलेलं यंत्र), ८० नंबरचा कागद, अगदी हलके फेरे.

भोकं असणारच, सालही अडकलेली असणार. ती काळ्या इपॉक्सीने भरतात, पण आधी भोकाच्या कडा पातळ सुपरग्लूने बंद कराव्यात. नाहीतर लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर येते आणि घासल्यावर पुन्हा तेवढीच भोकं. मेपलसारख्या फिक्या लाकडावर सुपरग्लूचा डाग पडतो, तिथे त्याआधी शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात द्यावा. गाभ्याचा वरचा भाग काळा रंगवून घेतला तर सुईएवढ्या भोकातून खालचं गोरं लाकूड डोकावत नाही.

माल कुठून आला हेही विचारावं. कॅलिफोर्नियाच्या रेडवुड उद्यानात रात्री येऊन उभ्या झाडांचे बर्ल कापून नेणारे इतके झाले, की २०१४ मध्ये तिथला एक निसर्गरम्य रस्ता रात्री बंद ठेवावा लागला.

आवाजाचं काय, असं प्रत्येक ग्राहक विचारतो. पिकअप आणि तारा निवडा, असं मी सांगतो. ६ मिमीच्या पत्र्याला त्या दोषात ओढू नका. नेक मात्र बर्लचा मागू नये. चार तारांचा बेस ७० ते ८० किलोने ओढतो, आणि वाट फुटेल तिकडे धावणाऱ्या रेषा त्या ओढीपुढे कुठे तुटतील याचा नेम नाही.

आणि उरलेले तुकडे टाकू नयेत. हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या खुंट्यांच्या टोकावर, २ मिमीचा पत्रा, नॉबच्या टोप्या, मागचं झाकण, सगळं त्याच ठोकळ्यातलं असलं तरच जुळतं. ग्राहकाला हेडस्टॉक आठवतो तो करवत पुसून ठेवल्यावर.