उशिरा येणाऱ्याची खोली

खारघरच्या टाटामध्ये आईची सकाळी आठची अपॉइंटमेंट होती. चिपळूणहून दुपारची गाडी धरली, रात्री साडेआठपर्यंत पनवेल, असा हिशोब. वाटेत रुळावर माती आली, गाडी तासन् तास एका जागी उभी. पनवेलला उतरलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

तरी ती रात्र नीट गेली. कारण दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री मी वाशीतल्या एका हॉटेलच्या काउंटरवर भांडत उभी होते. बुकिंग ॲपवरून केलेलं, पैसे तिथे गेल्यावर द्यायचे होते. दहापर्यंत आम्ही आलो नाही म्हणून त्यांनी खोली दुसऱ्याला देऊन टाकली. माझ्या मोबाइलवर 'कन्फर्म', त्यांच्या लेखी 'नो शो'. आजारी बाईला मध्यरात्री दारातून परत पाठवलं, हे मला अजून विसरता येत नाही.

तेव्हापासून एका रात्रीचे पैसे आधीच भरते आणि हॉटेलला स्वतः फोन करते. या वेळी गाडी थांबल्यावर पुन्हा लावला आणि म्हटलं, रात्रपाळीला जे असतील त्यांच्याशीच बोलायचंय. संध्याकाळचा माणूस "हो मॅडम" म्हणतो आणि घरी जातो. निरोप पुढे पोचतोच असं नाही.

तारखेचा घोळ तर कितीतरी जण करतात. रात्री एकला पोचणार म्हणजे १५ तारीख लागलेली असणार, म्हणून १५ चं बुकिंग करतात. पण हॉटेलच्या हिशोबात ती खोली १५ च्या दुपारी मिळते! खोली १४ चीच घ्यायची आणि मध्यरात्र उलटून येतोय हे सांगून ठेवायचं.

पनवेलहून रिक्षा केली. रात्री बारानंतर मीटरवर २५ टक्के जादा असतात, ते त्याच्या हक्काचे. त्यावर घासाघीस करू नये.

काउंटरवर पन्नाशीचे एक काका होते. आम्हाला बघताच उठले. "चिपळूणच्या ना? ताई, आधी आईंना वर न्या. रजिस्टर काय, नंतर भरू."

खोली पहिल्या मजल्यावर, लिफ्टला लागून. टेबलावर पाण्याचा जग झाकून ठेवलेला. गीझरचा लाल दिवा लागलेला, आणि ते तर मी फोनवर सांगितलंही नव्हतं. आईने गरम पाण्याने पाय धुतले, डब्यातली भाकरी दोन घास खाल्ली आणि पाठ टेकली. मग मी खाली जाऊन दोघींची आधार कार्डं दिली, सही केली. (पॅन कार्डावर पत्ता नसतो, बरीच हॉटेलं ते घेत नाहीत.)

हॉटेलवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. खारघरला गावोगावचे पेशंट येतात. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानंही सुरू झाली आहेत. अपरात्री दारात येणारी माणसं वाढणारच. लॉबीवर खर्च करता, तसा रात्रपाळीच्या माणसावरही करा. उशिरा येणाऱ्यांची यादी त्याच्या हातात द्या. कुणाची खोली राखायची हे ठरवायचा अधिकारही त्यालाच द्या. दमलेल्या माणसाला तुमचं हॉटेल म्हणजे त्या वेळी तोच असतो.

सकाळी सातला निघालो तेव्हा काकांची पाळी संपत आली होती. आईने पिशवीतून आमसुलांची पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. नको नको म्हणत त्यांनी ती घेतली, खिशात घातली आणि आमच्यासाठी रिक्षा थांबवायला रस्त्यावर आले.