चार किलोचं जानवं आणि आपली मालकी

गावाकडच्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर अधूनमधून एक फोटो येऊन पडतो. काळ्या पार्श्वभूमीवर सोन्याचा जाडजूड पट्टा, खाली मजकूर: ‘फिलिपिन्समध्ये सापडलं चार किलोचं सोन्याचं जानवं. एकेकाळी हे हिंदू राष्ट्र होतं. शाळेत शिकवलं का कधी?’ तासाभरात दुसरी फळी उतरते. हा सगळा बनाव, तिकडचा आणि भारताचा काडीचा संबंध नाही, वगैरे. मग दोन्ही फळ्या दमेपर्यंत भांडतात. ज्या वस्तूवरून भांडण चाललंय ती वस्तू कुणी पाहिलेली नसते.

वस्तू आहे मी राहतो त्या फिलिपिन्समध्येच, मनिलाला लागून असलेल्या मकाती शहरात, ग्रीनबेल्ट मॉलशेजारी, आयाला म्युझियममध्ये. स्पॅनिश येण्याआधीच्या सोन्याचं तिथलं प्रदर्शन २००८ पासूनचं, हजारावर नग. यातला काही ऐवज २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीतही मांडला होता. मला राग येतो तो वादाचा नाही. वाद घालणाऱ्यांना सोन्यात रस नसतो, मालकीत असतो, याचा येतो. साताऱ्यात वाघनखं आली तेव्हा, जुलै २०२४ मध्ये, हेच झालं. तीन वर्षांसाठी उसनी आणलेली वस्तू. ही महाराजांनी वापरलेलीच, असं सिद्ध करता येत नाही, हे लंडनच्या संग्रहालयाचं स्वतःचं म्हणणं. पण आपल्याकडे एक तर ती खरीच, नाही तर तद्दन खोटी. मधली जागा आपल्याला मानवत नाही.

तर हे ‘जानवं’. मिंदानाव बेटावरच्या सुरिगाव देल सुर प्रांतातल्या सान मिगेल भागात १९८१ मध्ये कालव्याच्या कामावर बुलडोझर चालवणाऱ्याला मातीत सोनं दिसलं. त्या एका घबाडात हा पट्टा होता, कमरपट्टे होते, वाट्या होत्या, किन्नरीच्या आकाराचं एक पोकळ पात्र होतं. पट्ट्याचं वजन जवळपास चार किलो, म्हणजे आपल्या हिशेबात ३४० तोळ्यांच्या आसपास. खांद्यावरून तिरका घालायची त्याची घडण बघून अभ्यासक म्हणतात की हे उपवीत असावं. ‘असावं’ हा शब्द फोटोबरोबर फिरत नाही.

तो का लागतो ते सांगतो. सोन्याचं वय सोन्यावरून काढता येत नाही. त्यात कार्बन नसतो. वय ठरतं ते शेजारी काय सापडलं यावरून: कोणत्या थरात, कोणत्या चिनी मातीच्या भांड्याजवळ, कोळसा होता का. बुलडोझरखाली थर उरत नाहीत. त्यात माल पांगला, हातोहात विकला गेला, किती वितळला याचा हिशेब नाही. म्हणून दहावं ते तेरावं शतक ही जी मुदत सांगतात ती मुख्यतः घडणीवरून आणि मिंदानावच्याच बुतुआन या जुन्या बंदराकडच्या इतर पुराव्यांशी ताडून. यातून एवढ्या ठामपणे ‘हिंदू राष्ट्र’ काढायचं म्हणजे कमालच आहे.

पण घडण बघा ना. त्यासाठी मान खाली घालून काचेला नाक लावावं लागतं. पट्ट्याची वीण लांबून आपल्या गोफासारखी दिसते. कृती अशी: तार सळईवर गुंडाळायची, सळईच्या लांबीने कापायची, म्हणजे एकसारख्या कड्या सुटतात. प्रत्येक कडी आधी जोडून बंद करायची, मग चिमटून लांबट करायची, मध्ये दुमडायची आणि तिच्या दोन्ही टोकांच्या फटीतून पुढची ओवायची. एकदा ओवायला लागलं की जोडकामासाठी पुन्हा आगीत जायचं काम नाही, आणि म्हणूनच साखळी कापडासारखी लवते. घोळ होतो तो पहिल्याच पायरीला. कडीचा सांधा कच्चा राहिला तर दुमडताना उलतो, आणि हे कळतं चार बोटं वीण पुढे गेल्यावर. कड्यांच्या मापात केसभर फरक पडला तरी पट्टा एका अंगाला वळतो. चार किलोच्या पट्ट्यात असल्या कड्या किती, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

त्याहून अवघड रवाकाम. मोहरीहून बारीक सोन्याचे गोळे पत्र्यावर एकाला एक लागून बसवलेले. गोळे करणं सोपं आहे. तारेचे तुकडे कोळशाच्या पुडीत थर देऊन मुशीत तापवले की वितळताना आपोआप गोल होतात. धुवायचे, चाळायचे, मापाप्रमाणे वेगळे करायचे. खरी परीक्षा बसवण्याची. नेहमीचा डाख लावला तर तो वितळून गोळ्यांमधल्या फटी भरतो आणि सगळं काम लिबलिबीत दिसतं. म्हणून जुने कारागीर तांब्याच्या क्षाराची बारीक पूड डिंकात कालवून तिने गोळे चिकटवत. आगीत डिंकाचा कोळसा होतो, तो कोळसा क्षारातलं तांबं मोकळं करतो, आणि जिथे गोळा पत्र्याला टेकलाय नेमक्या तेवढ्या बिंदूवर सोनं-तांब्याचं मिश्रण तयार होतं. शुद्ध सोनं १०६४ अंशाला वितळतं, हे मिश्रण नऊशेच्या आसपासच पाघळतं. मधल्या शंभर-दीडशे अंशांच्या खिडकीत काम उरकायचं. कमी पडलं तर गोळे गळतात, जास्त झालं तर पत्र्यात बुडतात. थर्मामीटर नाही, आच ओळखायची ती रंगावरून. आपल्याकडचे सोनार रवे चिकटवायला गुंज उगाळून घेत. जात तीच, प्रांत वेगळा.

हे तंत्र इथल्या माणसांना कुणी शिकवलं, यावर लगेच उड्या पडतात. ते भूमध्य समुद्रापासून जावापर्यंत सगळीकडे होतं, आणि सोनं तर इथल्याच नद्यांचं. बुतुआन, सुरिगाव, मासबाते, पाराकाले इथे अजूनही ते निघतं. उत्तरेकडच्या बेंगेत प्रांतातले छोटे खाणवाले पाऱ्याऐवजी टाकणखार वापरून सोनं काढतात, त्यात माणूसही वाचतो आणि नदीही. ग्रुपवर कुणी हे पाठवत नाही, कारण यात अभिमान बाळगण्याजोगं आपलं काही नाही.

‘हिंदू राष्ट्र’वाल्यांना तिथलंच दुसरं कपाट दाखवावंसं वाटतं. मृताच्या डोळ्यांवर आणि नाकावर ठेवायच्या सोन्याच्या पत्र्या. इलोइलोजवळच्या ओतोनला असा मुखवटा सापडला, चौदाव्या-पंधराव्या शतकातला. म्हणजे ही माणसं आपले मृत पुरत होती, सोन्यासकट. शिवाय दातांना भोकं पाडून त्यात सोन्याचे खिळे बसवत. मॅजेलनच्या सफरीची नोंदवही लिहिणाऱ्या पिगाफेताने १५२१ मध्ये बुतुआनच्या राजाचं वर्णन करताना हे सोन्याचे दात नोंदवलेत. कुठल्या गृह्यसूत्रात बसवायचं हे? आणि ‘काडीचा संबंध नाही’वाल्यांनी किन्नरीसमोर उभं राहावं. वरचं अंग बाईचं, खालचं पक्ष्याचं. ती काही मिंदानावच्या जंगलात आपोआप उगवलेली नाही. आली ती जावा-सुमात्रामार्गे, व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. त्याच सुमारास, १००१ मध्ये, बुतुआनचे वकील चीनच्या सुंग दरबारी नजराणे घेऊन गेले होते. सगळ्या दिशांनी उघडं असलेलं बंदर होतं ते. सोन्याचं उपवीत जावाच्या मूर्तींवरही दिसतं. राजाने अंगावर घालायचा तो मानाचा दागिना. त्यावरून इथे मुंजी लागत होत्या असं ठरत नाही.

एका वस्तूपुढे मात्र माझा तटस्थपणा डळमळतो, आणि ती सोन्याची नाही. १९८९ मध्ये लगुना सरोवराजवळ लुंबांग नदीच्या तोंडाशी वाळू उपसताना एक तांब्याचा पत्रा निघाला. लिपी कावी, म्हणजे जावाकडची जुनी लिपी, भाषा जुनी मलय, संस्कृत शब्द पेरलेले. अंतून पोस्त्मा या डच अभ्यासकांनी तो वाचला. तो कर्जफेडीचा दाखला आहे: नामवारान नावाच्या माणसाचं एक काती आठ सुवर्ण इतकं देणं माफ झालं, वारसांना त्रास नाही. आजच्या मापात साधारण सव्वानऊशे ग्रॅम सोनं. तारीख शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार. इंग्रजी २१ एप्रिल ९००. ही तिथी अमान्त, म्हणजे आपल्यासारख्या अमावास्येला संपणाऱ्या महिन्याची आहे. उत्तर हिंदुस्थानी पंचांगाने तोच दिवस ज्येष्ठ कृष्णात गेला असता. घरात भिंतीवर जे पंचांग टांगलेलं असायचं, त्याच मोजणीने हजार-अकराशे वर्षांपूर्वी मनिलाच्या खाडीकाठी कुणाची तरी उधारी मिटली.

या तिथीने मला होणारा आनंद इतिहासाचा नाही, हे मलाही कळतं. इथे बारांगाय हॉलच्या, म्हणजे वॉर्ड कचेरीच्या रांगेपासून पालेंगकेच्या, म्हणजे मंडईतल्या मासळीवालीपर्यंत सगळ्यांच्या लेखी मी ‘बुंबाय’, हिंदी माणसाला इथला शब्द. पंजाबी, सिंधी, मराठी सगळे एकाच टोपलीत. हिंदी माणूस मोटारसायकलवरून आला म्हणजे फाइव्ह-सिक्सची, म्हणजे पाच देऊन सहा घ्यायच्या सावकारीची वसुली, अशी इथली ठाम समजूत. अशा ठिकाणी सगळ्यात जुना कागद कर्जाचा निघावा आणि त्यावर आपला शालिवाहन शक असावा, हे बघून बाहेरच्या माणसाला जरा आतलं वाटतं. फोटो पाठवणाऱ्या पुण्याच्या काकांना ही गरज नाही. ते घरीच आहेत.

इथले लोक या बाबतीत फार शहाणे, असंही समजू नका. कालांतियावची संहिता म्हणून स्पॅनिशपूर्व कायद्याचं एक दस्त १९१३ पासून मिरवलं गेलं, पाठ्यपुस्तकांत शिकवलं गेलं. होसे मार्को नावाच्या गृहस्थांनी पुढे आणलेला तो बनावट माल. १९६८ मध्ये इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी सान्तो तोमास विद्यापीठातल्या प्रबंधात तो उघडा पाडला, तरी पुढची कित्येक वर्षं कालांतियाव हटला नाही. फरक एवढाच की आयालाच्या फलकावर ‘कदाचित’ लिहिलं म्हणून कुणी मोर्चा काढत नाही. अर्थात तिथे तिकीट काढून जाणारा वर्ग मोर्चे काढणाऱ्यांतला नव्हेच, हेही खरं.

मोर्चा निघेल तर तो मिंदानावमधल्या आगुसानच्या सोन्याच्या मूर्तीसाठी. १९१७ मध्ये एस्पेरान्साजवळ नदीकाठच्या गाळात मानोबो या आदिवासी जमातीतल्या एका बाईला ती सापडली: मांडी घातलेली स्त्रीमूर्ती, उंची जेमतेम १८ सेंटिमीटर, २१ कॅरट, पावणेदोन किलोच्या थोडी वर. कुणी तिला बौद्ध तारा म्हणतं, कुणी हिंदू देवी. इथल्या सरकारला ती घेणं जमलं नाही आणि १९२२ मध्ये ती शिकागोच्या फील्ड म्युझियमकडे गेली, अजून तिथेच आहे. इथल्या ओळखीच्यांमध्ये हा विषय निघाला की मी तावातावाने त्यांच्या बाजूने भांडतो: आधी परत आणा, तारा की देवी ते मागाहून बघू. मग वाघनखांच्या वेळी मला फलकावरच्या शब्दांचा एवढा पुळका का आला होता, असं एकाने विचारलं. साताऱ्यावर मला घरच्यासारखं चिडता येतं. इथे मी पाहुणा आहे, आणि यजमानाचा फलक पाहुण्याने दुरुस्त करायचा नसतो.