सत्कार नंतर करा, आधी तारण द्या

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीच्या वैमानिक प्रशिक्षणाच्या कर्जासाठी मी तिच्यासोबत आणि तिच्या वडिलांसोबत नागपुरातील एका बँकेत गेले होते. बारावीची गुणपत्रिका, वैद्यकीय प्रमाणपत्र, प्रवेशाचे पत्र असे सगळे कागद तिने क्रमाने लावून आणले होते. साहेबांनी फाइल चाळली आणि तिला एक शब्दही न विचारता वडिलांना म्हणाले, "काका, पोरीचं लग्न झाल्यावर हप्ते कोण भरणार?" ती काही बोलली नाही, फक्त फाइलचा कोपरा दुमडत आणि सरळ करत राहिली.

सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये साडी नेसून विमान चालवले, सौदामिनी देशमुख १९८० च्या दशकात प्रवासी विमानाच्या कॅप्टन झाल्या आणि आज भारतातील वैमानिकांमध्ये महिलांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आपल्या नागपूरच्या अंतरा मेहता २०२० मध्ये हवाई दलात लढाऊ वैमानिक झाल्या, तेव्हाही शहराने भरभरून कौतुक केले. परंतु हवाई दलात प्रशिक्षणाचा खर्च सरकार उचलते. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांच्या उड्डाणाचा, म्हणजे जवळपास ५० लाखांच्या घरात जाणारा खर्च मात्र घरालाच पेलावा लागतो. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते, आणि तारण म्हणजे आपल्याकडे बहुधा मुलासाठी राखून ठेवलेला प्लॉट. मुलीच्या लग्नासाठी तोच प्लॉट विकायला आपण फारसा विचार करत नाही, तिच्या परवान्यासाठी गहाण ठेवताना मात्र चार नातेवाईकांचा सल्ला घेतो. माझ्या मते मुलींची वाट अडते ती इथे, त्यांच्या हिमतीत काहीही कमी नसते.

(ज्यांना हा खर्च झेपणार नाही, त्यांनी विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्याचा विचार अवश्य करावा. तो मार्ग पुष्कळ कमी खर्चाचा आहे आणि विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्र आपल्या नागपूरच्या मिहान प्रकल्पातच आहे.)

त्या वडिलांनी अखेर बेसा येथील प्लॉटचे कागद दुसऱ्या बँकेत जमा केले. धाकट्या मुलाला विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "ताईचं होऊ द्या आधी." तिचे आता १२० तास पूर्ण झाले आहेत.

ज्यांच्या मुलीला या क्षेत्रात जायचे आहे, त्यांनी मला निःसंकोच निरोप द्यावा. रविवारी मी घरीच असते, कागदपत्रे मी पाहून देईन आणि बँकेतही सोबत येईन.