21 दिवसात बॉडी क्लॉक बदलतं म्हणे

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, "21 दिवस पहाटे 4 ला उठा, शरीराला सवय लागते, मग 4 तास झोप पुरते, उशिरा उठणं म्हणजे निव्वळ आळस". काकांनी टाकलाय म्हणून तिथे गपचूप हात जोडले, इथे बोलतो.

आधी ते 21 दिवस. हा आकडा झोपेच्या अभ्यासातला नाहीच मुळी. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 च्या पुस्तकात लिहिलं होतं की ऑपरेशननंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला साधारण 21 दिवस लागतात. नाकाचा हिशोब लोकांनी झोपेला लावला.

"सवय लागते" म्हणे. माझा दादा चाकणला एका कंपनीत कायम थर्ड शिफ्टला आहे, 11 वर्षं झाली, खिडकीला काळा कागद, फोन सायलेंट, तरी 11 वाजता भंगारवाला ओरडला की टक्क जागा, आणि तिकडे रात्री साडेतीनला मशीनवर डोळे चुरचुरतात ते चुरचुरतातच. 11 वर्षांत किती 21 दिवस बसतात बघा. कारण साधं आहे, सकाळी 7 ला बसमधून उतरला की ऊन थेट तोंडावर, मेंदू म्हणतो उजाडलं. 1938 साली क्लाइटमन नावाचा झोपेचा संशोधक केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये 32 दिवस राहिला, दिवस 28 तासांचा करून बघायला. तिथे तर ऊनही नाही, तरी त्याच्या शरीराचं तापमान (ते या आतल्या घड्याळाप्रमाणेच चढतं-उतरतं) 24 तासांच्याच तालावर वरखाली होत राहिलं (बरोबरचा तरुण विद्यार्थी मात्र बऱ्यापैकी रुळला, हेही सांगायला हवं).

मग हे शरीराचं घड्याळ बदलतच नाही का? सरकतं की. अमेरिकेहून आलेला माणूस आठवड्याभरात ताळ्यावर येतोच ना. 2013 मध्ये कोलोरॅडोत काही जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं, ना मोबाईल ना टॉर्च, फक्त ऊन आणि शेकोटी, तर त्यांचं घड्याळ साधारण 2 तास अलीकडे आलं. म्हणजे काम उजेडाने केलं, गजराने नाही, आणि घरी येऊन परत रात्री 1 पर्यंत रील्स बघितले की गाडी मूळपदावर.

4 तासांचं तर सोडाच. डीईसी2 नावाच्या जीनमध्ये दुर्मिळ बदल असलेली माणसं 2009 मध्ये सापडली, जन्मजात कमी झोपणारी, आणि तीसुद्धा सहा तासांच्या आसपास झोपत होती!

राहिला आळस. वयात येताना घड्याळ आपोआप उशिराकडे सरकतं, दहावीतला पोरगा 11 ला झोपत नाही यात त्याचा माज नसतो. 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी 9 नंतर भरवायला सांगितल्या, चांगलंच केलं, पण खरी गरज मोठ्या पोरांना होती असं माझं मत.

आणि म्हातारपणी तेच घड्याळ अलीकडे येतं. काका 68 चे आहेत, त्यांना 4 ला तशीही जाग येते, दुपारी 1 ते 3 घोरतात ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.