राग रात्री सोडावा, पण तो कोणी?

दिवेलागणीला घरात भांडण नको, लक्ष्मी उंबऱ्यावरून परत जाते, असे आमच्या मराठवाड्यात लहानपणापासून ऐकवले जाते. निजताना त्याच्या जोडीला ‘झाले गेले गंगेला मिळाले’ ही म्हण येते, आणि गोदाकाठी गोदावरीलाच गंगा म्हणत असल्यामुळे ती गंगा आम्हाला फारशी लांबची वाटत नाही. या वचनांविषयी मला आदर आहे. तक्रार आहे ती घरात ती कोणाला ऐकवली जातात याविषयी.

राग धरून निजू नये, ही शिकवण अनेक परंपरांत आढळते. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये, असे सांगितले आहे. तेथे राग येण्याला मज्जाव नाही, रागाच्या भरात पाप करू नये एवढेच बजावले आहे, आणि नेमका हाच भाग आपण सोयीने विसरतो. इस्लाममध्ये भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये असे सांगितले आहे. माणसाचा स्वभाव पाहता ही मुदत मला अधिक व्यवहार्य वाटते. जैन परंपरेत सायंकाळच्या प्रतिक्रमणात दिवसभरातील स्वतःच्या दोषांची उजळणी करून क्षमा मागतात. तेथे रागाच्या प्रतीही लावलेल्या आहेत: पाण्यावरची रेघ, वाळूतली रेघ, जमिनीची भेग आणि खडकाची भेग. पहिला राग पंधरवड्यात ओसरतो, शेवटचा जन्मभर टिकतो.

या सर्व ठिकाणी उपदेश आहे तो ज्याचा त्याने स्वतःला करण्यासाठी. आपल्या घरांत मात्र ज्याचे मन दुखावले त्यालाच, आणि बहुधा सुनेलाच, ‘सोड गं आता, डोक्यात घेऊन निजू नकोस’ असे समजावले जाते. ज्याने ताट भिरकावले तो तोवर घोरत असतो. पैठणच्या एकनाथांची कथाही आपण अशीच अर्धी वापरतो. अंगावर वारंवार थुंकणाऱ्यावर न रागावता नाथांनी प्रत्येक वेळी पुन्हा गोदावरीत स्नान केले, हे सगळे सांगतात. शेवटी त्या थुंकणाऱ्याने शरमून त्यांचे पाय धरले, याची आठवण घरातल्या थुंकणाऱ्यांना कोणी करून देत नाही.

‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मध्ये एक रात्र झोप झाल्यानंतर अप्रिय चित्रांची आठवण मनातून दाबणे सहभागी विद्यार्थ्यांना अधिक कठीण गेले. प्रयोगशाळेतील चित्रे आणि सासरचा अपमान यांत अंतर आहे, हे मान्य. तरीही म्हणींमागे काही अनुभव असावा असे वाटते. मात्र त्यावरून सगळे रात्रीच मिटवण्याचा हट्ट धरणेही मला पटत नाही. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला किंवा पाण्याची पाळी देऊन आलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता बांधाचा नाहीतर वाटणीचा विषय काढून बसवले, तर जुने दहा विषय वर येतात. अशा वेळी ‘आता निजू, सकाळी बोलू’ एवढे म्हणून दिवा मालवावा. फक्त सकाळी तो विषय ज्याची चूक आहे त्याने काढावा, दुसऱ्याने चहाचा कप पुढे करून आठवण देण्याची वाट पाहू नये.