आरेतली ‘पांढऱ्या साडीतली बाई’: त्या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासू या

व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज पुन्हा फिरतोय: रात्री बारानंतर मुंबईतल्या आरे कॉलनीच्या रस्त्यावर पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, अचानक उग्र वास सुटतो, झाडीतून किंकाळी येते, गाडीच्या काचेवर पंजा उमटतो; कुणीही दिसलं तरी थांबू नका, गाडी सुसाट काढा. हे वाचून कॉलेजची पोरं आरेतल्याच छोटा काश्मीर या बागेच्या आसपास पैजा लावून अंधारात शिरतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी ती बाई. आरे ओसाड रान नाही. शहरातले तबेले हलवायला १९४९ साली इथे दूध वसाहत झाली, पण वारली आणि इतर आदिवासींचे पाडे त्याआधीपासूनचे आहेत. आजही २७ पाडे नांदते आहेत. काम संपवून उशिरा परतणारी बाई शेवटची बस चुकली की रिक्षेची वाट बघत अंधारात उभी राहते. तिला भूत ठरवणं हा त्या वस्तीवर अन्याय आहे.

माणूस नसतानाही पांढरं काही दिसतं, हे खरं. कांडोळाच्या झाडाची साल गुळगुळीत, पांढुरकी असते. त्याला पांढरूख आणि भुत्याही म्हणतात. हिवाळ्यात पानं झडली की चांदण्यात किंवा हेडलाइटच्या कडेच्या उजेडात नुसतं खोड चमकतं. वळणावर दिवा सरकला की खोडाची सावली सरकते आणि झाडच हललं असं वाटतं.

किंकाळी गव्हाणी घुबडाची. तबेल्यात वैरण, वैरणीत उंदीर, उंदरांमागे घुबड. पोट पांढरं, तोंड पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, पिसांच्या कडा मऊ असल्याने उडताना आवाज नाही. आणि ओरडतं ते चिरक्या, लांब सुरात. करवत चालवल्यासारखा घरघरता आवाज लागोपाठ आला तर मात्र तो बिबट्या असू शकतो. तिथून निघावं.

वास सातविणीच्या झाडाच्या फुलांचा. ऑक्टोबर ते डिसेंबर फुलते, संध्याकाळनंतर घमघमते, काहींचं डोकं दुखतं. मे महिन्यात तो वास का येत नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

पंजाची परीक्षा घरी होते. काचेला आतून बोटांचा तेलकट ठसा लागलेला असतो, एरवी दिसत नाही. बंद गाडीत चौघं बसली, बाहेर गारवा असला की काच धुकटते. तेलकट जागी थेंब वेगळे बसतात आणि जुना ठसा उमटतो. साबणाच्या ओल्या फडक्याने काच आतून पुसा, कोरडी करा, मग श्वास सोडा. ठसा येणार नाही.

सगळ्यात घातक ओळ शेवटची: सुसाट काढा. रस्ता अरुंद, वळणांचा. मध्येच म्हैस, कुत्रा, पायी चालणारा माणूस. आणि बिबट्या इथे खरोखर आहे. २०२१ मध्ये त्याने आरेत लागोपाठ हल्ले केले. अंधारात ओणवं बसणं, एकट्याने झाडीत लघवीला जाणं, खाण्याच्या पिशव्या टाकणं यातून धोका वाढतो, कारण उष्ट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. जायचंच तर दिवसा जा. संध्याकाळ झाली तर घोळक्याने, बोलत, टॉर्च लावून चाला; लहान भावंडं मध्ये ठेवा. बिबट्या समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, पाठ फिरवू नका. हात वर करून मोठ्याने बोलत मागे सरका आणि वनविभागाच्या १९२६ वर कळवा.