ट्रम्प यांची करविवरणपत्रे कोर्टाने जाहीर केली नव्हती

‘अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ट्रम्प यांची करविवरणपत्रे जनतेसमोर आणली’ हा फिरणारा दावा चुकीचा आहे. २२ फेब्रुवारी २०२१च्या आदेशामुळे कागदपत्रे मिळाली ती मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांना, ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) गोपनीय तपासासाठी. तेव्हा माजी अध्यक्ष असलेल्या ट्रम्प यांनी याला राजकीय छळ म्हटले. त्यावर कुणी चिडले, कुणी खूश झाले. पण जनतेला तेव्हा एक पानही दिसले नव्हते, हे सांगायलाच हवे. २०१५ ते २०२०ची विवरणपत्रे खुली झाली ३० डिसेंबर २०२२ला, तीही अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने २४ विरुद्ध १६ मतांनी ठरवल्यावर.

‘ऑडिट (कर खात्याची तपासणी) चालू असताना विवरणपत्र दाखवता येत नाही’ हेही खोटेच. स्वतःची विवरणपत्रे दाखवायला करदात्याला कायद्याची आडकाठी नाही. तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांनी १९७३मध्ये ऑडिट चालू असतानाच ती दाखवली होती.